३०० एमबीपीएसचं कनेक्शन घ्यायचं, पण त्यावर बघायचं काय?

बेळगाव असो, मडगाव असो की वडोदरा, केबलवाल्याचा फोन सगळीकडे सारखाच येतो : "काका, शंभरवरून तीनशेवर घ्या, थोडाच फरक आहे." बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हे मात्र महिन्याच्या शेवटीच कळतं. पण घरात जे काही पाहिलं जातं, त्याला एवढा वेग खरंच लागतो का?

आकडे पाहिले तर नाही. नेटफ्लिक्सच स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. यूट्यूबची फोर-केसाठीची शिफारस २० ची आहे. म्हणजे आजी टीव्हीवर मालिका बघतेय, नातू मोबाइलवर क्रिकेट, सुनेची ऑफिसची मीटिंग चालू आहे आणि आणखी कोणी रील्स सरकवतंय, असं सगळं एकाच वेळी चाललं तरी २५-३० मध्ये भागतं. फोर-केसाठी तर टीव्हीही तसाच लागतो, आणि नेटफ्लिक्सवर ते चित्र फक्त सर्वांत महाग प्लॅनमध्ये मिळतं.

तरी व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो, ही तक्रार खोटी नाही. बहुतेक वेळा दोष लाईनचा नसून वायफायचा असतो. वायफायचे दोन पट्टे असतात : २.४ गिगाहर्ट्झचा भिंतीतून बऱ्यापैकी जातो पण हळू असतो, ५ चा वेगवान पण भिंतीपुढे हात टेकतो. गोव्यातलं चिऱ्याचं घर किंवा शहापूरचं जाड भिंतींचं जुनं घर असेल, तर दारापाशी ३०० आले तरी माजघरात त्याचा थोडासाच भाग पोचतो. काही जुन्या राउटरची पोर्टं तर १०० एमबीपीएसवरच थांबतात. अशा घरात प्लॅन वाढवण्यापेक्षा राउटर मधल्या खोलीत, उंचावर ठेवणं आणि टीव्हीला सरळ वायर जोडणं स्वस्त पडतं.

वेग खरोखर कामाला येतो तो मोठी फाईल उतरवताना आणि त्याहून जास्त ती वर पाठवताना. लग्नाचं ५० जीबी शूटिंग पाठवायचं, तर १० एमबीपीएस अपलोडवर अकरा तास लागतात, १०० वर तासाभरापेक्षा थोडं जास्त. पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांनाही हाच आकडा महत्त्वाचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा. अपलोड किती, हे विचारूनच घ्यावं लागतं.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेव्हा मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ बघण्याची मागणी घेऊन कुणी रांगेत उभं नव्हतं. डेटा स्वस्त झाला आणि बघणारे वाढले, मग बनवणारेही वाढले. उद्या असं काही निघेलही. पण ते निघण्याआधी त्याचे पैसे ग्राहकाने दरमहा का भरायचे?

खरी ओढ वेगळ्याच ठिकाणी आहे. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान ५१२ केबीपीएस पुरत होते; २०२३ मध्ये ही मर्यादा २ एमबीपीएस झाली. अमेरिकेने २०२४ मध्ये ती १०० डाउनलोड आणि २० अपलोडवर नेली. २ एमबीपीएसवर एक फुल एचडी सिनेमाही नीट चालत नाही, मुलांच्या ऑनलाइन तासाला आवाज येतो आणि चित्र थिजतं. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या किंवा सत्तरीतल्या एखाद्या वाडीत ३०० चा प्लॅन कुणी मागत नाही. तिथली मागणी २० एमबीपीएसची आहे, तीही पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली तर दोन दिवसांत जोडून मिळावी, एवढीच.