भोपळ्याचं चिलखत

दोस्तांनो, सांगली जिल्ह्यातल्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ठाऊक आहे ना? त्याचा भोपळा सादळू नये म्हणून कारागीर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात एकावर एक देतात.

तुम्ही कागदाच्या लगद्याचा साताऱ्याचा अजिंक्यतारा केलात, तर त्याला इपॉक्सीचं चिलखत चढवा! आधी किल्ला खडखडीत वाळवा. आत ओल कोंडली, तर थर सुटतो. लाख स्पिरिट उडालं की वाळते. इपॉक्सी मात्र राळ आणि हार्डनर यांच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं. म्हणून डब्यावरचं प्रमाण काटेकोर पाळा. अंदाजपंचे मिसळलंत, तर चिकटच राहील! थर पातळ द्या. जाड थर फार तापतो. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, आणि मोठ्या माणसाला सोबत घ्या बरं का!