झिरो पॉइंट झिरो वन

कॅनडातल्या पॅरामेडिकांवरचा 2005 सालचा एक अभ्यास वाचला आणि तो डोक्यातून जाईना. अंगावर येणारा अत्यवस्थ रुग्णाचा बनावट प्रसंग हाताळल्यावर औषधांच्या मात्रेची गणितं घातली, तर प्रशिक्षित माणसंही एरवीपेक्षा जास्त चुकली होती. म्हणून महामार्गालगतच्या एका रुग्णवाहिकेच्या तळावर रात्रपाळीला जाऊन बसले.

ऑक्सिजन, सक्शन, डिफिब्रिलेटर झटपट तपासून झाले. गाडीवरच्या डॉक्टर मॅडम रेंगाळल्या त्या औषधांच्या खणापाशी. झाकणाला आतून पांढरी चिकटपट्टी, त्यावर बॉलपेननं लिहिलेली वजनं आणि मात्रा. आकडे इतक्यांदा गिरवलेत की पट्टी जागोजागी फाटलीय. हृदय थांबलेल्या मुलाला अ‍ॅड्रेनलिन किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. "झिरो पॉइंट झिरो वन. झोपेत विचारा, सांगेन," त्या म्हणाल्या. अँप्यूलमध्ये एका मिलीत एक मिलिग्रॅम औषध असतं. सलाइन घालून त्याचं दहा मिली करायचं आणि किलोमागे 0.1 मिली द्यायचं. दशांशचिन्ह एक घर सरकलं, की मात्रा दहापट.

एका अपघातातलं दोन वर्षांचं मूल त्यांच्या हातात गेलं. औषध अचूक दिलं होतं. गडबड झाली ती पुढच्या खेपेला. झटके येणारी मुलगी समोर, हातात सिरिंज आणि कानात आधीच्या मुलाच्या आईचा आवाज. "झिरो पॉइंट झिरो वन, एवढंच आठवत राहिलं. तिचं औषधच वेगळं होतं!" शेजारी आलेल्या पायलटला, म्हणजे गाडीच्या चालकाला, त्या म्हणाल्या, "दादा, मला वजन मोठ्यानं विचारा." त्या प्रश्नानं त्या भानावर आल्या.

तेव्हापासून दोघं रोज पाळीआधी ही उजळणी करतात. "बारा किलो?" "एक पॉइंट दोन मिली." दादा वजन विचारतात ते मान खाली घालून, शब्द तोलत. त्यांचंही दुखणं आहेच. मूल दगावलं तो अपघात झाला त्या पुलावर पाय आपोआप ब्रेकवर जातो, मागं रुग्ण असला तरी.

कामाच्या नोंदवहीत फोन कधी आला, गाडी कधी पोहोचली, किती किलोमीटर झाले, सगळं असतं. आधीच्या खेपेत या दोघांनी काय पाहिलं, याचा रकाना नाही. वरून सल्ला एकच, मन घट्ट करा. मला तो निर्दय वाटतो आणि धोक्याचाही.

रक्त पुसून, हायपोक्लोराइटनं धुतल्याशिवाय गाडी पुढच्या खेपेला सोडत नाहीत. त्या उग्र वासात उभं राहून वाटलं, माणसांसाठीही असा नियम हवा. मूल दगावलं की त्या जोडीला तासभर थांबवा. बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस द्या. पुढच्या खेपेची मात्रा दुसऱ्यानं पडताळून पाहा. यात कुणाचे लाड नाहीत, पुढच्या रुग्णाचा जीव आहे.