चाकरमान्यांचा भाद्रपद

नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाला गावाकडे चाकरमानी म्हणतात आणि वर्षभर जपून ठेवलेली त्याची रजा बहुधा भाद्रपदातच खर्ची पडते. १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि पुढे वाढत गेलेल्या गिरण्यांना लागणारे कामगार मोठ्या प्रमाणावर तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या मुलखाने, पुरवले. पुरुष गिरणीत, बाकीचे कुटुंब गावी आणि दोहोंमध्ये मनीऑर्डर, अशी घडी पिढ्यानपिढ्या टिकली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची वाताहत झाली, त्याआधी-नंतर किनाऱ्याने जाणाऱ्या बोटी बंद पडल्या, एसटीच्या जादा गाड्या वाढल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तरी गणपतीला गावी जाण्याची रीत आणि तिकिटासाठीची ओढाताण या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा राहिल्या.

इतक्या खटाटोपाने घर गाठल्यावर चाकरमान्याला विश्रांती मिळते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्याच्या सुखाचा गाभा विश्रांतीत नसून वाट्याला येणाऱ्या कामात असतो. मूर्तीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट, जिला दक्षिण कोकणात माटवी आणि गोव्यात माटोळी म्हणतात, ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी सजवावी लागते. तिच्यासाठी रानातून तांबडीलाल कवंडळे आणि हरणाची पिवळी फुले शोधून आणायची, परसातले तवसे म्हणजे मोठी काकडी, चिबूड आणि सुपारीचे घोस उतरवायचे, आणि न सोललेला असोला नारळ सालीच्या दोराने असा बांधायचा की विसर्जनापर्यंत तो मूर्तीवर येऊ नये. शहरात ज्याला कोणी नावाने ओळखत नाही, त्याला येथे स्टुलावर चढवून दहा माणसे खालून सूचना देतात, आणि त्या सूचना बहुतेक परस्परविरोधी असतात.

अनेक घराण्यांत गणपती मूळ घरीच बसतो आणि खर्चाची पाळी भावाभावांत फिरते. पूजेनंतर घरातला वडीलधारा गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे म्हणजे सर्वांच्या वतीने देवापुढे मांडलेली प्रकट विनंती. त्यात कोणाची नोकरी, कोणाचे लग्न, कोणाचे आजारपण यांचा उल्लेख येतो, येऊ न शकलेल्यांचीही आठवण ठेवली जाते आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ देतात. कुटुंबाची वर्षभराची खबर कोणी न विचारता सर्वांना येथेच कळते. रात्री आरती आणि भजन वाडीतल्या घरोघरी पाळीपाळीने होते, पखवाजाची साथ असते, आणि भजनानंतर चहाबरोबर बहुधा काळ्या वाटाण्याची उसळ पुढे येते, जी मुंबईत त्याच कृतीने केली तरी तशी लागत नाही, असा चाकरमान्यांचा ठाम दावा असतो.

कामाचा हा वाटा सारखा पडतो, असे मात्र नाही. उकडीच्या मोदकांची उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळावी लागते, पारीच्या कडा पातळ ठेवून कळ्या पाडाव्या लागतात, आणि घरात पंचवीस माणसे असली की हा उद्योग सकाळभर बायकांचेच हात गुंतवून ठेवतो. त्यांचा खरा सण गौरीबरोबर येतो. तेरड्याच्या रोपांची गौर आणली जाते, सुपात फळे, भाज्या मांडून नव्या सुना गौरीपुढे ओवसा भरतात, म्हणजे ते सूप तिला ओवाळून अर्पण करतात, आणि फुगड्या रात्र चढेपर्यंत चालतात. पुष्कळ समाजांत या दिवसांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी, नैवेद्यही दाखवला जातो.

वर्षातून दोनदाच, गणपतीला आणि शिमग्याला, कुलूप निघते अशी घरे आता कोकणातल्या पुष्कळ वाड्यांत आहेत. अशा घरांतली मुले पाहुण्यांसारखी येतात, खातात आणि मोबाइलवर माटवीचे फोटो काढतात, यात दोष त्यांचा कमी आणि त्यांना कामापासून दूर ठेवणाऱ्या मोठ्यांचा जास्त आहे. पुढच्या चतुर्थीला त्यांना स्टुलावर चढवावे आणि दोर त्यांच्याच हाती द्यावा; गाठ सैल पडली, तर ती पुन्हा बांधायला काका-मामा खाली उभे असतातच.