जुनी नौका घेताना : आधी किनाऱ्यावर पाहा, मग पाण्यात

जालना, प्रतिनिधी - जालना जिल्ह्यात 'बंदर' हा शब्द कानावर येतो तो ड्रायपोर्टच्या निमित्ताने. येथील मासेमारी गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या पात्रांत आणि तलावांत चालते. खोल समुद्राशी तिचा संबंध नाही. तरीही कोकणातील एखाद्या स्नेह्यासोबत जुन्या यांत्रिक नौकेत भागीदारी करण्याचा विचार कोणी करीत असेल, तर ट्रॅक्टर वा मालमोटार पारखण्याचा अनुभव येथे अर्धाच उपयोगी पडतो. ट्रॅक्टर बंद पडला तर तो शेतात उभा राहतो, नौका बंद पडली तर ती वाहत जाते.

नौका दोनदा पाहावी लागते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली दडलेला तळ उघडा असतो. लहान हातोडीने फळ्यांवर ठोकत जावे. टणत्कार आला तर लाकूड शाबूत, बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे असे समजावे. शंका येईल तेथे दाभण टोचून पाहावे. लाकडी नौका खाऱ्या पाण्याने कुजते, हा समज बरोबर नाही. मीठ कुजण्याला काहीसा अटकावच करते. खरी कूज धरते ती डेकवरून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याने. तळाचा शत्रू वेगळा. तो म्हणजे लाकूड पोखरणारे समुद्री किडे. बाहेर टाचणीएवढे छिद्र दिसते आणि आत बोगदे असतात. जुन्या लाकडावर नुकताच फायबरचा थर चढविला असेल तर अधिकच सावध राहावे. तो थर संरक्षणासाठी आहे की झाकण्यासाठी, हे आतल्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी भेट हंगामात, नौका पाण्यात असताना. इंजिन आधीच तापवून ठेवलेले नाही ना, हे हात लावून पाहावे. थंड इंजिन कसे सुरू होते यातच त्याचे वय कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर थांबत नसेल तर हवा कमी पडते किंवा भार जास्त आहे. ऑइलची कांडी काढल्यावर ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि मग व्यवहार तेथेच थांबविणे शहाणपणाचे. तास-दोन तास पूर्ण भाराने नौका चालवून पाहावी. रात्री तळातील पाणी उपसून घ्यावे आणि सकाळी किती साचले ते मोजावे. लोखंडाचा गंज ओळखायला जालनेकरांना शिकवावे लागत नाही. येथील सळईचे कारखाने भंगारावरच चालतात. इंजिनाचा भाव ठरविताना भंगाराचा दरही मनात असू द्यावा.

लाकूड-इंजिन चांगले निघाले तरी खरा गुंता कागदांत असतो. अनेक नौका राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या अर्थसाहाय्यातून, मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत बांधल्या गेल्या. त्या कर्जाची बाकी आहे का, हे संस्थेकडूनच लेखी घ्यावे, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. डिझेलवरील कराचा परतावाही संस्थेमार्फत मिळतो. तो चालू राहणार नसेल तर नफ्याचे गणितच बदलते. २००८ मध्ये मुंबईवरील हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका वापरल्यानंतर सागरी तपासणी कडक झाली. नौकेवरील 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा क्रमांक, केंद्राच्या 'रियलक्राफ्ट' प्रणालीतील नोंद आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली त्या नौकेवर दंड वा कारवाई प्रलंबित आहे का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे.

खोल समुद्राचा विचार असेल तर आणखी एक बाब. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याचे नियम चालतात. त्यापलीकडे केंद्राच्या नोव्हेंबर २०२५ मधील नियमांनुसार यांत्रिक नौकांना प्रवेश परवाना लागतो आणि तो 'रियलक्राफ्ट'वरच मिळतो. नोंदीत घोळ असलेली नौका स्वस्त मिळते, ती याच कारणाने. उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर यंत्र नौकेवर आहे का आणि ते चालते का, तेही पाहावे. इतक्या दूर मोबाइलला रेंज नसते आणि खलाशांचा जीव अनेकदा त्या एका यंत्रावर असतो.

तळ आणि इंजिन पाहायला जाताना सोबत एखादा जाणता तांडेल न्यावा, मात्र विक्रेत्याने सुचविलेला नव्हे. आणि बँकेचा हप्ता ठरविताना वर्ष दहा महिन्यांचे धरावे. जून-जुलैत नौका किनाऱ्यावर उभी असते, हप्ता मात्र चालूच राहतो.