एकाच वहीत सगळ्यांची नोंद

समजा, डहाणूत चिकूवर प्रक्रिया करणारं युनिट आणि तलासरीत महामार्गालगत गोदाम, असा एक व्यवसाय वाढतो आहे. दहा माणसं होती तोवर प्रत्येक संगणकाचा वेगळा पासवर्ड चालून गेला. साठ झाली, की कुणाला काय उघडता येतं याचा ताळमेळ राहत नाही. इथे डिरेक्टरी सर्व्हर लागतो.

त्याला कंपनीचा सातबारा समजा: माणूस, विभाग आणि हक्क यांची एकच अधिकृत नोंद. ईमेल, फाइली, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळे तिथेच विचारतात. ही विचारणा एलडॅप या पद्धतीने होते. ती 1990च्या दशकात मिशिगन विद्यापीठात आकाराला आली. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि मोफत मिळणारं ओपनएलडॅप दोन्ही तीच भाषा बोलतात.

हक्क व्यक्तीला नव्हे, गटाला द्या. नवी मुलगी गोदामात रुजू झाली, की तिचं नाव ‘गोदाम’ गटात घाला. साठ्याची नोंद तिला दिसू लागते. बदली झाली, की फेरफार करा. नोकरी सोडली, तर खातं त्याच दिवशी बंद करा.

सर्व्हर दोन ठेवा, प्रत्येक गावी एक. पावसात मधली लाइन तुटली तरी दोन्हीकडचं काम चालू राहतं. लाइन आली, की नोंदी आपोआप जुळतात. घड्याळंही जुळलेली हवीत: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की सहसा प्रवेश नाकारला जातो. बॅकअप घ्याच, आणि तो परत उभा राहतो का, हेही अधूनमधून करून पाहा.