शाळा काढणारी आणि शाळेपलीकडे पाहणारी आई

विशेष मुलांच्या आयांबद्दल लिहायची वेळ आली की मराठी लेखणी ठरलेल्या वाटेने जाते: त्याग, माया, खडतर तप, शेवटी एखादा पुरस्कार. मिथू अलूर यांच्याबद्दल हे सगळे लिहिता येईल आणि त्यात खोटे काही नसेल. १९८९ची पद्मश्रीही त्यांच्या नावावर आहे. पण एवढ्यावर थांबलो तर त्यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हातचा निसटतो. त्यांनी १९७२ साली मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांनी, स्वतःच्याच संशोधनाच्या आधारे, अशा वेगळ्या शाळांनी हा प्रश्न सुटणार नाही असे जाहीरपणे मांडले. संस्था उभारणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. आपण उभारलेल्या गोष्टीची मर्यादा स्वतःच दाखवून देणारे फार थोडे, आणि अलूर यांना ओळखायचे तर तिथून ओळखले पाहिजे.

त्यांची मुलगी मालिनी १९६६ साली कोलकात्यात जन्मली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातापायांच्या हालचालींवर, बोलण्यावर त्याचा कायमचा परिणाम झाला. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण भरूनही येत नाही. स्नायू कधी ताठरतात, कधी नको तेव्हा हलतात, घास गिळणेसुद्धा कष्टाचे होते. बुद्धी मात्र अनेकदा शाबूत असते, आणि नेमकी तीच बाहेरून दिसत नाही. इथल्या डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. इंग्लंडमधल्या तपासणीत मुलीची समज उत्तम असल्याचे निघाले. आईने तिथेच विशेष शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. मुंबईत त्याआधी या क्षेत्रात काहीच नव्हते असे नाही. जय वकील शाळा १९४४पासून चालू होती, आणि तिचे मूळही एका घरातल्या मुलीच्या गरजेत होते. पण ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी होती. जिचे शरीर ऐकत नाही पण डोके चालते, अशा मुलीला सामान्य शाळा घेत नसे आणि गतिमंद मुलांच्या वर्गात ती वाया जाई. या दोन्हींच्या मधली जागा भरायला कुलाब्याचे ‘सेंटर फॉर स्पेशल एज्युकेशन’ निघाले, तेही अगदी मोजक्या मुलांवर. नर्गिस दत्त यांचा पाठिंबा सुरुवातीपासून होता. ते चालवणाऱ्या संस्थेचे ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव पुढे देशभर माहीत झाले.

या केंद्राचे वेगळेपण एका मांडणीत होते. त्याआधी पालकांना व्यायामासाठी एका रुग्णालयात, वाचोपचारासाठी दुसरीकडे धावावे लागे, आणि शिक्षण कुठेच नसे. इथे फिजिओथेरपिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ, शिक्षक आणि समाजसेविका एकाच छताखाली, एकाच मुलाचा विचार करू लागले. अशा वर्गातले टेबल पाहिले तरी त्यामागचा विचार कळतो. टेबलाच्या कडेला अर्धचंद्राकृती खाच कापलेली असते, म्हणजे मूल त्या खाचेत नीट सामावते आणि कोपर टेकवायला दोन्ही बाजूंना जागा मिळते. छातीशी पट्टा, पावलांखाली आधार, पाठ सरळ. धड स्थिर झाले की मान सावरते, मान सावरली की नजर फळ्यावर टिकते, आणि मग कुठे अक्षराची गोष्ट सुरू होते. बोलता न येणाऱ्या मुलापुढे चित्रांचा किंवा अक्षरांचा तक्ता असतो. मूल बोटाने किंवा नुसत्या नजरेने खूण करते आणि शिक्षिकेला थांबावे लागते. हे थांबणे शिकायला माणसाला प्रशिक्षण लागते. संस्थेने शिक्षकांचे अभ्यासक्रम चालवले, ते उगाच नाही.

मालिनी चिब यांचे पुढचे आयुष्य या पद्धतीचा सर्वांत ठळक पुरावा. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी, लंडनमधून दोन पदव्युत्तर पदव्या, मुंबईच्या ऑक्सफर्ड बुकस्टोअरमध्ये नोकरी, आणि एका करंगळीने टंकून लिहिलेले ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन. पण एका मुलीच्या यशाने धोरण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. लंडनला जाऊ शकणारे, ओळखीपाळखी असलेले, इंग्रजी बोलणारे घर किती जणांना मिळते? विशेष म्हणजे हा प्रश्न अलूर यांनीच स्वतःच्या कामाला विचारला. तोवर कोलकाता, दिल्ली, बंगळूर, चेन्नई इथे त्याच धर्तीच्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. दिल्लीतली संस्था त्यांच्या भगिनी मीता नंदी यांनी काढली, चेन्नईतली पूनम नटराजन या दुसऱ्या एका आईने. तरीही या सगळ्यांची मिळून पोहोच शहरांतल्या काही हजारांपुरतीच होती, आणि बाकीची मुले कुठे आहेत याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

ते शोधायला त्यांनी लंडन विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी अंगणवाडीचा विषय घेतला. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. सहा वर्षांखालच्या मुलांना पोषण, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण देणारा तो देशातला सर्वांत मोठा कार्यक्रम. कागदावर तो सर्व मुलांसाठी होता, प्रत्यक्षात अपंग मूल त्यात धरलेलेच नव्हते. त्याला कोणी हाकलले नव्हते. त्याचा विचारच झाला नव्हता, सेविकेला तसे कोणी सांगितले नव्हते आणि शिकवलेही नव्हते. ‘इनव्हिजिबल चिल्ड्रन’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच तो निष्कर्ष आहे. त्यानंतर संस्थेने दिशा बदलली. सर्वसमावेशक शिक्षणासाठी वेगळे केंद्र निघाले, धारावीसारख्या वस्तीत सगळी मुले एकत्र शिकवण्याचे प्रयोग झाले, सक्षम मुलांना सामान्य शाळांत पाठवणे हे उद्दिष्ट बनले. संस्थेचे नावही बदलून ‘अडॅप्ट’ झाले.

यावर सर्वांत जड आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. साठ मुलांच्या वर्गात, रॅम्प नाही, शौचालय अरुंद, विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा फिरकणारा, अशा ठिकाणी सेरेब्रल पाल्सीचे मूल आणून बसवले तर समावेश होतो की नुसती हजेरी लागते? उत्तर असे की हा आक्षेप व्यवस्थेच्या कमतरतेवर आहे, तत्त्वावर नाही. शिक्षणहक्क कायदा २००९चा. २०१२च्या दुरुस्तीने अपंग मुले त्यातल्या वंचित गटात आली. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने ६ ते १८ वयाच्या अपंग मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला, आणि सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर १० अपंग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. म्हणजे तयारी नसणे हे आता मूल नाकारण्याचे कारण उरलेले नाही. ती सरकारची आणि शाळेची थकबाकी आहे.

मात्र एक गोष्ट समावेशाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य केली पाहिजे. काही मुलांना आयुष्यभर दाट आधार लागतो, आणि अठरा वर्षांनंतर काय हा प्रश्न कोणतीही सामान्य शाळा सोडवत नाही. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी, त्याही एका विशेष मुलाच्या आई, १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, आणि त्या संस्थेला पुढे मोठ्या मुलांसाठी संरक्षित कार्यशाळा चालवावी लागली. तेव्हा विशेष संस्था मोडीत काढा असे म्हणणे वेडेपणाचे होईल. त्यांच्याकडे साठलेले ज्ञान, ती खाचेची टेबले, तो अक्षरांचा तक्ता, ती थांबण्याची सवय, जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत गेली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. ‘अडॅप्ट’च्या वळणाचा अर्थ मला तरी असाच दिसतो.

आणखी एक खटकणारी गोष्ट: या कथांत आई सगळीकडे आहे, सरकार जवळपास कुठेच नाही. आयांचा गौरव करताना आपण नकळत असे गृहीत धरतो की ज्या मुलाला मिथू अलूर किंवा रजनी लिमये मिळाल्या नाहीत, त्याचे नशीब. वर सांगितलेली कायद्यांची कलमे याच गृहीतकाविरुद्ध लिहिली गेली, आणि ती वापरायला पीएच.डी. लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमायला लावली आहे, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमचे मूल अशा शाळेत जात असेल तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा: शाळेच्या परिसरात राहणारी अपंग मुले पटावर आहेत का, त्यांच्यासाठी विशेष शिक्षक नेमला आहे का, आणि चाकाची खुर्ची शौचालयात जाते का. उत्तर लेखी मागा.