कंपवात : मेंदूत तार कोणी बसवून घ्यावी?

'डॉक्टर, वडिलांच्या मेंदूत तार बसवली तर कंप जाईल म्हणतात. बसवू का?' असे हल्ली दवाखान्यात विचारले जाते. शेत विकायचीही तयारी असते. म्हणून आज थोडे सविस्तर.

कंपवातात मेंदूतील डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात कापतो, अंग ताठरते, हालचाली मंदावतात. लिव्होडोपाच्या गोळीने पहिली काही वर्षे बरी जातात. (कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांतही हे द्रव्य असते, पण प्रमाण अनिश्चित, तेव्हा घरगुती प्रयोग नकोत.) पुढे गोळीचा अंमल दोन-तीन तासांतच ओसरतो, आणि डोस वाढवावा तर अंग वेडेवाकडे हलू लागते.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांना १९८७ साली दिसले की मेंदूच्या खोल भागात वेगवान विद्युतस्पंद दिले की कंप थांबतो. त्यातून ही शस्त्रक्रिया पुढे आली. कवटीला छिद्र पाडून बारीक तार आत नेतात आणि कातडीखालून छातीवरील बॅटरीला जोडतात.

मुख्य गोष्ट अशी, की गोळीने जे सुधारते तेच बहुधा तारेने सुधारते. अपवाद कंपाचा; गोळीला दाद न देणारा कंपही तारेने कमी होऊ शकतो. म्हणून आधी रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी रुग्णाला तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. फरक चांगला दिसला तरच पुढचा विचार. गोळीच्या अंमलातही तोल जाणारे, बोलणे अडखळणारे यांच्या या तक्रारी तारेने सहसा जात नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्यांचा गोंधळ तर वाढू शकतो. अशा रुग्णासाठी शेत विकू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

रोग मुळातून बरा होत नाही. गोळ्या कमी होतात, पूर्ण बंद क्वचितच. शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होतो. जंतुसंसर्गाचाही धोका असतो. साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च आधीच विचारून घ्यावा. चार्ज करण्याची बॅटरी जास्त टिकते, पण महाग. शिवाय प्रवाह जुळवून घेण्यासाठी सुरुवातीचे काही महिने मोठ्या शहराला खेटे घालावे लागतात.

तार बसवलेल्यांनी गुडघेदुखीसाठी डायथर्मी यंत्राचा शेक मुळीच घेऊ नये. तार तापून मेंदूला गंभीर इजा होते. एमआरआयपूर्वीही आठवणीने सांगावे आणि यंत्राचे कार्ड सदैव खिशात ठेवावे.